पाऊणपट

वयाच्या चौकटीत त्रेसष्ट लिहिलं.
आधारवर तसं आहे, एक जानेवारी.
आई सांगते, वाशीच्या पुलाचा पहिला खांब रोवला
तेव्हा ती डोईवर पाटी घ्यायला लागली होती.

गाठ: अठ्ठावीस मिलिमीटर.
तिनं आधीच मापली होती अंगठ्यानं, मध्यम शिंपलीएवढी.
काखेतल्या गाठी: तीन.
ग्रेड सापडेना, रिपोर्ट उलटासुलटा करून दोन दाबला.

ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर मी असेच रकाने तपासते,
रिकामा सोडला तर लाल होतो की नाही,
वयात अक्षर घातलं तर ओरडतो की नाही.
हा फॉर्म चांगला बनवलाय. एकदाही अडकला नाही.

मग पडद्यावर शंभर बाया उगवल्या,
दहा-दहाच्या रांगेत, सगळ्या सारख्या,
ना कासोटा, ना नाकात काही.
दहा वर्षांनंतर साठ निळ्या.
बाकीच्या राखाडी.

केमो: हो.
चौसष्ट.
केमो: नाही.
साठ.
रात्री पावणेतीनला मी ते बटण
हो नाही हो नाही करत बसले
आणि उजव्या कोपऱ्यात चौघीजणी
मरत होत्या, उठत होत्या.
सहापैकी चार डोस झालेत, नखं काळी पडलीत,
जवळासुद्धा तिला लोखंडासारखा लागतो.
या चौघींसाठी.
मी एकीलाही ओळखत नाही.

"काय बगतेस गो?"
सांगितलं.
"मंग त्यान मी कंची?"
ते नाही सांगत, म्हटलं.
"आन बाया कुटल्या?"
तिकडच्या, परदेशातल्या.
बराच वेळ गप्प. वाटलं, झोपली.

"आज तिथी कंची?"
सप्तमी.
साताचे पाऊणपट सव्वापाच, बोटं न मोजता.
"पन आपले खारीन अर्धा तास मांगशी धर.
तिवरां वाढलीन, पानी वाट शोधीत येतं."

डोक्याला रुमाल बांधून ती जेट्टीच्या पायरीवर बसली,
मी मागून किटली घेऊन.
तिवराचं एक पान पाण्यात टाकलं तिनं,
ते थांबलं की भरती पुरी.
पावणेसहा झाले.
सहाला पाच कमी.
पान ठाण्याच्या दिशेनं सरकतच होतं.

चुकलं का गं तुझं गणित?

"अजून येतंय ना," ती म्हणाली,
आणि माझ्या कपातला अर्धा चहा
आपल्या कपात ओतून घेतला.