काट्यावरचे प्रश्न

पत्रक मीच लिहिलं होतं, जळगावात, एसीत बसून.
अकरा वैशिष्ट्यं, अकरा हिरव्या खुणा.
क्लाउडवर साठवण. एका क्लिकवर अहवाल.
केळी व्यापारासाठी सर्वसमावेशक प्रणाली.
‘सर्वसमावेशक’ टाइप करताना
मला स्वतःलाच जांभई आली होती.

सावद्याला, स्टेशनरोडच्या वजनकाट्यावर,
कोकिळाबाई भिरूडांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं,
चष्मा कपाळावर सारला,
कागदाच्या चार घड्या घातल्या
आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवल्या.
टेबल थांबलं.
“बरा हाये कागद,” म्हणाल्या, “जाड हाये.”

परतीची बस साडेपाचला होती.
म्हणून बसलो फळीवर, दुसरं काही कारण नाही.

ट्रॅक्टर येत राहिले.
चिकाचे काळे डाग पडलेले सदरे,
सुकल्या पानांवर आडवे घड,
आणि जो उतरे तो तोंडात एक प्रश्न धरूनच उतरे,
विडी धरावी तसा.

दांड्याची घट किती धरली आज?
काल तर कमी होती ना?
एकजण काही बोललाच नाही,
पावती उन्हासमोर धरून उभा:
हा सात आहे का एक?
कोकिळाबाईंचा फोन कानाला, पलीकडे कानपूरचा ड्रायव्हर,
कालपासून ‘बस, पोहोचतोच’ म्हणणारा.
गाडी कुठी हाये, भाऊ? नक्की कुठी?
फोन ठेवून मला म्हणाल्या,
“रातचे दीडले उठते मी. वही उघडते.
तीनशे लिहिले का तीस?
बरोबरच असते. तरी उठते.”

माझ्या बॅगेत दोनशे पत्रकं होती,
मागची बाजू कोरी.
मी उलटी करून लिहीत गेलो.
बस गेली.

निंबाखालून रुबाब तडवी पाहत होता,
कापणीच्या टोळीचा मुकादम,
कोयत्याला फडकं गुंडाळत.
“लिहिता तं आमचंबी लिहा.
उद्या कोन्त्या बागेत जाच?
रातचे अकरा वाजतात, तरी मालूम नाही पडत.
नऊ मानसं. नऊ डबे.
भाकर बांधाव का नाही?”

नव्या पत्रकावर चार प्रश्न होते
आणि खाली फोन नंबर.
लोकेशसरांनी विचारलं, “यात आपलं सॉफ्टवेअर कुठंय?”
“प्रश्नांखालच्या कोऱ्या जागेत,” मी म्हणालो.
फार ऐटीत म्हणालो.
त्यांनी चौथ्या प्रश्नावर बोट ठेवलं.
“टोळ्यांसाठी आपल्याकडे काय आहे?”
काहीच नव्हतं.
ज्याचं उत्तर घरात नाही तो प्रश्न दारावर लावायचा,
म्हणजे रिकाम्या खोक्यावर केळीचं चित्र.
मी चौथा खोडला.
पेन हलकं चाललं, याचं अजून वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी निंभोऱ्याहून फोन.
किंमत नाही, डेमो नाही, काही नाही.
“तो दांड्याचा प्रश्न
तुमाले कोनी सांगला?”
असा आवाज,
जणू मी त्याच्या ओसरीवर रात्र काढून गेलोय.
मग तो वीस मिनिटं बोलला.
मी हं म्हणत होतो.
आमचं सॉफ्टवेअर विकलं जाताना
मी एक शब्दही उच्चारला नाही.

पुन्हा सावदा. टेबलाखाली जुनं पत्रक तसंच,
अकरा वैशिष्ट्यं भार पेलत.
कोकिळाबाईंच्या खिडकीला नवं चिकटवलेलं.
रुबाबनं एक मागून घेतलं,
ओळीखाली नख फिरवत वाचलं,
एक, दोन, तीन,
मग उलटं केलं, पुन्हा सुलटं.
“डब्याचं नाही दिसत.”
“अजून नाही,” म्हटलं.
‘अजून’ हा शब्द मी कुठून आणला, माहीत नाही,
सरांना तर विचारलंही नव्हतं.

त्यानं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं,
मांडीवर कागद पसरला, कोरी बाजू वर,
आणि माणसांची नावं लिहायला लागला.
सहाव्या नावाशी थांबला, मान वर केली:
“हा उद्या येनार का, ते कुठी लिहू?”