पंधरा दिवसांच्या बोलीवर

पंधरा दिवसांच्या बोलीवर आणली तिला.
नाझनीन म्हणाली, मावशी, फक्त पंधरा दिवस,
पुण्याचं एक घर तयार आहे,
तोवर तुमच्या टॉवेलांच्या गठ्ठ्याशेजारी, कुठंही.
कागदावर जात लिहिली होती: डॅशहुंड.
मादी. वय अंदाजे सहा.
नावाच्या जागी रेघ.

विजापूर रोडच्या पलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये
पिल्लांसाठी ठेवलेली.
किती वेळा व्याली ते डॉक्टर हत्तुरेंनी
पोटावर हात फिरवून मोजलं,
मला सांगितलं नाही.
पाठ जपा, म्हणाले. जिना नको, उडी नको,
उचलताना एक हात छातीखाली, एक मागं,
काठोकाठ भरलेली परात उचलतात तशी.

साखर पेठेतली आमची गल्ली बघायला आली.
पोशव्वा म्हणाली, कुत्रं आहे की मुंगूस?
तिच्या नातवानं वितीनं मोजली:
अंग चार विती, पाय अर्धी.
मला ती बघताक्षणी धोटा वाटली,
लांबुळकी, दोन्हीकडं निमुळती,
हे होते तेव्हा आमच्या मागावर
दिवसरात्र इकडून तिकडं पळणारा.
माग भंगारात गेला, किलोच्या भावानं.
एक धोटा मी काढून घेतला होता.
कशाला, ते तेव्हाही कळलं नाही.
कोनाड्यात आहे.

ही मात्र पळत नव्हती.
शिलाई मशीनच्या पायट्यामागं शिरली ती शिरलीच.
दोन दिवस मी पाय न लावता
हातानं चाक फिरवत टॉवेलांच्या कडा मारल्या.
डझनामागं जे मिळतं त्यात
हे परवडतं का, असं कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

ये, म्हटलं. आली नाही.
रा, म्हटलं, आईच्या तेलुगूत.
एक कान हलला, बस.
दूधभाकरी अंधारात खायची, मी पाठ फिरवली की.
सांडलेली शेंगाचटणी एकदा चाटली
आणि दुपारभर शिंकत राहिली.
तेवढाच काय तो तिचा आवाज.

चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं.
घागरी, बादल्या, पिंपं, कुणाचा पायपोस कुणात नाही.
त्यात दूधवाला सिद्राम दारात उभा,
मागं रेंगाळलेल्या पोराला ओरडला:
बा इल्ली!

आणि मशीनखालून ती निघाली,
पोट फरशीला घासत, शेपूट आत घेऊन.
पोराच्या आधी त्याच्या पायाशी पोचली
आणि उताणी पडली, थरथरत.

म्हणजे हाक कळत होती.
शेडमधल्या कुणाची तरी भाषा होती ती.
कशासाठी बोलवायचे,
ते तिच्या उताणं पडण्यात दिसलं.
सिद्रामच्या हातातलं माप तसंच राहिलं.
आमच्या घरात पण असंच बोलतो हो आम्ही, म्हणाला,
जणू त्याच्यावरच आळ आला होता.

मी त्याच्याकडं एक शब्द मागितला.
पोराला निजवताना काय म्हणता?
मलको, म्हणाला. लाजला.

रात्री शेजारचे माग चालू असतात.
त्या खडखडाटात ती गाढ झोपते.
दोनला लाईट गेली की सगळं गप्प,
आणि त्या गप्प होण्यानंच
मागाच्या घरातली माणसं जागी होतात.
हे मला ठाऊक होतं.
तिला कुणी शिकवलं?
अंधारात दोन डोळे माझ्याकडं.
मलको, म्हणते मी, चुकीच्या हेलात.
ती हेल सुधारत नाही,
डोकं खाली टेकवते.

काल तेरावा दिवस.
नाझनीनचा फोन: मावशी, रविवारी येतायत ते पुण्याहून.
पाठीचं सांगितलंस?
सांगितलं.
जिन्याचं?
त्यांच्याकडं लिफ्ट आहे.
आणि भाषेचं?

पलीकडं थोडा वेळ काहीच नाही.
मी मशीन चालूच ठेवलं होतं,
एक पाय पायट्यावर,
दुसऱ्यावर तिची हनुवटी.