चौदा नंबर, सम बाजू

महिन्याच्या पहिल्या बुधवारी
मी शिडी घेऊन येतो टॅनर्स रोवर.
दिव्याच्या खांबावरची बोटभर नळी उतरवतो,
टोपण लावतो, चिठ्ठी चिकटवतो,
नवी नळी अडकवतो, उघडं तोंड खाली.
एवढंच काम.
हवा पकडायची आणि पोस्टाने पाठवायची.

रस्त्याच्या मधोमध रेष गेली आहे.
डांबरावर शोधाल तर सापडणार नाही,
ती नकाशात आहे,
बर्मिंगहॅमच्या पालिकेत कुणीतरी जाड पेनाने ओढलेली.
विषम घरं आत, सम घरं बाहेर.
आतल्यांच्या जुन्या गाड्यांना माफी, रहिवासी म्हणून.
बाहेरच्यांना दिवसाला आठ पौंड,
कारण गल्लीचं दुसरं टोक
कालव्याच्या भिंतीला जाऊन थडकतं
आणि बाहेर पडायचं तर आतूनच.

"म्हणजे मी माझ्या दारातून निघायचे पैसे भरते,"
शिडीच्या पायथ्याशी डर्व्हला कीनन.
नवऱ्याचं डायलिसिस, सोमवार, बुधवार, शुक्रवार.
गाडी दोन हजार आठची, डिझेल.
"रक्त धुऊन देतात फुकट,
आणि तिथवर न्यायला जकात."

मी म्हणतो, बाई, मी नळ्यांचा माणूस.
(माझ्या व्हॅनचे आठ पौंड
पालिका पालिकेलाच भरते,
हे मी सांगत नाही.)

समोर पंधरा नंबरला इद्रिस वर्सामे,
रेडिचच्या गोदामात रात्रपाळी,
दुपारी दाढी न करता दारात उभा.
त्याची माफी मार्चअखेर संपते.
त्याने मुदतवाढीचा अर्ज लिहिलाय,
चार आठवडे खिशात घेऊन फिरतोय.
"धूर माझ्याच गाडीचा," तो म्हणतो,
"आणि शिट्टीसारखा श्वास माझ्याच पोरीचा.
सांगा, कुणाविरुद्ध अर्ज करू?"

नोव्हेंबरात चौदा नंबरची गाडी
पंधरा नंबरच्या पत्त्यावर नोंदली गेली.
कोण कुणाला काय म्हणालं, ठाऊक नाही.
इद्रिसच्या दाराच्या फटीतून
आयरिश नावाची पाकिटं पडू लागली
आणि कीननांच्या स्वयंपाकघरात
वर्सामेंच्या घरचा वेलचीचा चहा.

मग पत्र आलं:
सदर पत्त्यावर आपण वास्तव्यास असल्याचा
पुरावा चौदा दिवसांत जोडावा.

डर्व्हलाबाई उशी घेऊन रस्ता ओलांडून गेल्या.
एक रात्र. इद्रिसच्या सोफ्यावर.
"खोटं सही करायचं," त्या मला म्हणाल्या,
"तर त्यातली एक रात्र तरी खरी असावी."
इद्रिस कामावर, त्याची बायको माडीवर,
आणि पलीकडच्या खोलीत होदान, आठ वर्षांची,
रात्रभर हवा ओढत होती,
जशी एखादी लहान मुलगी
जड बादली ओढते, थांबते, ओढते.
"सगळं ऐकलं मी," बाई म्हणाल्या.
मग?
"मग काय. सकाळी सही केली.
बुधवार होता."

मी एक पायरी वर चढलो.
गेल्या महिन्याचा आकडा माझ्या खिशात होता,
एक्केचाळीस.
मर्यादा चाळीस.
खांब सम बाजूला आहे,
पण आकड्यावर दाराचा नंबर नसतो.
कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

खाली उतरलो तर होदान,
शाळेला न गेलेली, कोटाखाली नाईट ड्रेस.
"हिच्यात काय आहे?"
गेल्या महिन्याची हवा.
तिने नळी डोळ्याला लावली,
उजेडाकडे धरली, खूप वेळ.
"रिकामीच तर आहे."

मी नळी परत घेतली, टोपण घट्ट केलं.
पलीकडे कीननांची गाडी सुरू झाली,
पहिल्या फटक्यात नाही, तिसऱ्या.
बाईंनी काच खाली करून
होदानला आत जायची खूण केली,
दोनदा,
आणि ती जाईपर्यंत
गाडी तशीच घरघरत उभी ठेवली.