दोन फोन, एक पाडस

ओउलूमध्ये अकरा वर्षं मी पाट्या टाकल्या.
काचेवरच्या, पण पाट्याच.
पासवर्ड विसरलात? इथे दाबा.
पिझ्झा, पार्किंग, सौनाचं बुकिंग,
आतून सगळं तेच: एक यादी, यादीतून एक पान,
पानाच्या तळाशी एक बटण.
एकदा तीन आठवडे बैठका झाल्या
बटणाच्या निळ्यावर.
निळा ठरला. तोच, आधीचा.

मुलाखतीत मी विचारायचे,
तुमच्याकडे अवघड काय आहे?
लोक हसून कॉफी ओतायचे,
फळांची टोपली दाखवायचे.
एक जण म्हणाला, अवघड? आमचे ग्राहक.

मग इनारीहून निल्लासचा फोन आला.
रेनडिअरवाला. आवाजामागे कुत्रं.
"पैसे फार नाहीत. नेटवर्क तर नाहीच.
आणि आमच्या बोटांना डासांचं डांबरी तेल असतं,
काचेला बोट कळत नाही."
मी खुर्चीत सरळ बसले.

जुलै. रात्रीचे दोन, आणि ऊन.
कुंपणात कळप गोल गोल फिरतोय,
शेकडो घोट्यांतून कट् कट् येतंय.
पाडसांच्या गळ्यात आकड्यांचे बिल्ले,
आणि काठाला माणसं, हातात माझं काम.

चौऱ्याहत्तर नंबर
निल्लासच्या फोनात त्याच्या बहिणीचं,
म्हाताऱ्या बिरेतच्या फोनात बिरेतचं.
फोन जवळ आले, कुजबुजले,
आणि घोडं अडलं.
पुस्तकी उत्तर मला पाठ होतं:
शेवटचं लिहिलेलं ते खरं.
पण बिरेतचं घड्याळ सात मिनिटं पुढे.
सात मिनिटांच्या जोरावर
कोणाचं पाडस कोणाला देऊन टाकू?

बिरेतला विचारलं, फोन नव्हते तेव्हा काय करायचात?
"थांबायचो.
ते ज्या आईमागे जाईल, तिचा कान बघायचा."
एवढंच. दुर्बीण पुन्हा डोळ्याला.

गाडीच्या मागच्या सीटवर, डास मारत,
मी खऱ्या-खोट्याच्या मधे
तिसरा रकाना काढला: आई सापडायची आहे.
दोन्ही नोंदी तिथे शेजारी बसतील,
घड्याळाला कोणी विचारणार नाही.
ऐकायला सोपं. चार रात्री गेल्या.
तिसऱ्या रात्री सगळीच्या सगळी पाडसं
बिरेतच्या नावावर झाली.
ती म्हणाली, हे असंच राहू दे.

चौऱ्याहत्तर पहाटे पाचला
एका करड्या मादीच्या पोटाखाली शिरलं.
बिरेतनं कानावरची खूण पाहिली,
तोंड वाकडं केलं,
आणि तेलकट बोटानं निल्लासच्या बहिणीचं नाव दाबलं.
दाबलं गेलं.

पगार निम्म्यावर आलाय.
आई विचारते, तुइरे, हे किती दिवस?
आता जानेवारी. उणे तीसला फोन मरतात,
चाळीस टक्के दाखवत दाखवत मरतात.
त्यावर अजून काही सुचलेलं नाही.
तोवर एक काखेत धरून
कुंपणाला वळसे घालते.