नोंद

श्रेणी दोनच्या दवाखान्यात मी परिचर.
डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात,
बाकीचे दिवस मी, बर्फाची पेटी
आणि अंगणातला लोखंडी खोडा.

गावातल्या प्रत्येक जनावराचा कान मी टोचलाय.
पिवळा बिल्ला, बारा आकडे.
मुद्रिकाबाई तेव्हा भांडली होती,
"माझ्या गाईला नाव हाय, नंबर कशाला?"
लाल कंधारी. नाव डाळिंब.

भाद्रपदात मांजरा रात्री दोनला गोठ्यांत शिरली.
ज्यांची दावी तशीच राहिली
त्यांची जनावरं सकाळी खुंट्यालाच सापडली,
पोटं फुगलेली, पाय आभाळाकडं.
मुद्रिकाबाईनं कमरेएवढ्या पाण्यात
विळ्यानं दावं कापलं.
"जा बाई," म्हणाली, "जिकडं थारा मिळंल तिकडं."

पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, डॉक्टर,
आणि माशा हाकायला मी.
मेलेल्या जनावराशेजारी मालकानं उभं राहायचं,
कानातला बिल्ला दिसला पाहिजे,
फोटोवर तारीख उमटली पाहिजे.
बिभीषण गव्हाण्यानं सवयीनं टोपी नीट केली,
मग काय वाटलं कोण जाणे,
काढून खिशात घातली.

मुद्रिकाबाईच्या गोठ्यात खुंटा होता.
खुंट्याला हातभर दावं.
तलाठी म्हणाला, "गाय कुठंय?"
"सोडली म्हणून न्हाई."
बांधून ठेवली असती
तर कागद त्याच दिवशी झाला असता.
हे कुणी बोललं नाही. चिखलातून
ज्यानं त्यानं आपापला पाय उपसला.

दोन पंचांच्या सह्या, सरपंचाचा दाखला,
आधार, बँकेचं पुस्तक. अंगठा उमटेना,
शेण काढून काढून रेषाच गेलेल्या,
मग डोळ्यांचं मशीन लातूरहून.
दिवाळी कोरडीच गेली.
पैसे पडल्याचा मेसेज तिनं माझ्याकडून वाचून घेतला,
दोनदा.
त्याच दिवशी मी बारा आकड्यांपुढं भरलं:
मृत.

पौषात फोन आला, नदीच्या खालच्या अंगानं,
निलंग्याच्याही पल्याडून. कुणी बाबूमिया, शेळ्या राखणारा.
"लाल गाय हाय. पाण्याबरूबर उसात आली व्हती.
कानात आकडे हायत, वाचू का?"
तो एकेक वाचत गेला.
सातव्या आकड्याला मी खुर्चीवरून उठलो.

डाळिंब टेम्पोतून उतरली.
एक शिंग मोडलेलं, गळ्यात कापलेलं दावं तसंच.
मुद्रिकाबाईनं ते टोक
खुंट्यावरच्या टोकाला लावून पाहिलं.
पिळाला पीळ बसला.

"आता सरकारचे पैसे माघारी द्याचे,
कुठला फारम लागतो?"
तहसीलला विचारून आलो.
मागण्याचा अर्ज आहे, न मिळाल्याच्या तक्रारीचा आहे,
परत आलेल्या गाईचा नाही.
बाबूसाहेब हसले. "मेलेलं कशाला उकरता?"
पैसे अजून खात्यात आहेत.
ती त्यातला रुपया काढत नाही.
म्हणते, कुणीतरी मागंल.

माघात लाळ्या-खुरकुताची लस आली.
मोबाईलवर डाळिंबचे आकडे टाकले,
पडदा लाल झाला:
मृत जनावरास लस देता येत नाही.
ती माझ्या बाहीला ओलं नाक घासत होती.

मी सुई भरली. टोचली.
शेपटीचा एक सणसणीत फटका खाल्ला.
आणि रजिस्टरात लिहिलं:
डोस एक. सांडला.