काल्पनिक उत्पन्न

मेच्या दुसऱ्या सोमवारी
मुळ्ये वकिलांनी आम्हा दोघांपुढे चौतीस फायली ठेवल्या
आणि म्हणाले, आधी टाके बघा, मग कलमं.
टाके म्हणजे फायलीच्या दोऱ्याचे.
फैजानला वाटलं, जखमेचे.
तोही फारसा चुकला नव्हता.

ऑफिस रत्नागिरीच्या कोर्टामागे, झेरॉक्सच्या माडीवर.
पंखा लावला की एक्स-रे उडायचे,
कुणाचा खुबा, कुणाची मांडी,
त्यांवर ठेवायला मिऱ्याच्या किनाऱ्यावरचा एक गोटा.

कॉलेजात अपघात एका ओळीत संपतो:
'अर्जदार गंभीर जखमी झाला.'
इथे त्या पूर्णविरामानंतर
रिक्षाचं बिल, शहाळ्याचं बिल,
सिव्हिलमध्ये उशाशी बसलेल्या मेहुण्याचे
बुडालेले अकरा रोज.

फाईल एकोणीस. शेवंती रामा डोर्लेकर.
वय चव्वेचाळीस, म्हणून गुणक चौदा.
धंदा सुकी मासळी.
पहाटेचा टेम्पो, पाट्यांच्या मागे उभी,
कडेला धरलेला उजवा हात, घासून गेलेला ट्रक.
किती गेला, ते ती डाव्या हाताने दाखवते:
कोपराखाली चार बोटं मोजते, आणि थांबते.
कुठे झालं?
'हातखंब्याला.'
मी जीभ चावली.
तीच हसली. 'गावाचां नावच तसलां, बाय, तू कित्याक लाजतंस?'

महिन्याला किती मिळायचे?
'कधी हजार, कधी दोन, कधी मासळीच नाय.'
पावती? खातं? वही?
'भिंत हाय.'

फैजानच्या स्कूटरवरून काळबादेवी.
साखरतरच्या पुलापासूनच बोंबलांचा वास सोबत आला.
चुलीमागची भिंत, तिच्यावर कोळशाच्या रेघा,
एक रेघ एक पाटी,
फुली म्हणजे उधार,
फुलीवर टिंब म्हणजे उधार बुडाली.
फैजान गुडघ्यांवर बसून मोजत गेला.
अकराशे सेहेचाळीस. मी पट्टी धरून फोटो काढले.
मग हातभर कोरी भिंत.
आणि तिच्याही खाली, जमिनीजवळ,
सात रेघा, वाकड्या,
नुकतं लिहायला शिकलेल्या मुलाच्या असाव्यात तशा.
त्या मी विचारल्या नाहीत.

मुळ्ये वकिलांनी चष्मा पुसून फोटो पाहिले.
पुष्कळ वेळ पाहिले.
'भिंत चांगली आहे,' म्हणाले,
'जोडू. पण समोरचा वकील विचारेल,
कोळशाला तारीख असते का?
कोर्ट शेवटी काल्पनिक उत्पन्न धरेल. लिहा.'

मी टाइप केलं. काल्पनिक.
पहाटे तीनला उठून जेटीवर भावासाठी भांडणारी,
मीठ लावणारी, कावळे हाकणारी,
डोक्यावर पाटी घेऊन मारुती मंदिरापर्यंत चालणारी बाई:
तिचं उत्पन्न काल्पनिक.
स्पेलिंग बरोबर आलं. ओळ लाल झाली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमचे दिवस संपले.
निघताना ती सोड्यांची पुडी घेऊन आली.
अशिलाकडून काही घ्यायचं नसतं, मी म्हटलं,
विकत घेते.
'दोनशे दे मग.'
पावती पण द्या, मी म्हटलं. अर्धी गंमत, अर्धं डोकं चालवून.
मी मजकूर लिहिला, तिने डाव्या हाताने सही केली.
शे, मग खूप वेळ वं, मग ती.
जिभेचं टोक दातांत.

पावती घेऊन मी धावत माडी चढले.
मुळ्ये वकील म्हणाले, तारीख अपघातानंतरची.
उपयोग नाही.
मग गोटा उचलून फायलीवर ठेवला
आणि पुढच्या अशिलाला हाक मारली.

इचलकरंजीत आईने सोडे भाजले,
शेजाऱ्यांनी फटाफट खिडक्या लावल्या.
पावती माझ्या पुराव्याच्या पुस्तकात आहे.
सुनावणी सप्टेंबरात.
फैजानचा मेसेज आला होता: भिंतीवर आता नऊ.