दुसरी खुर्ची

पाटीवर पेंटरनं लिहिलं :
राजेशम कोंगारी, प्लूट शिकवणी.
सरांनी बदलून घेतलं नाही.
आमच्या साखर पेठेत प्लूटच म्हणतात, म्हणाले.

खाली आठ माग, वर सर.
जिना चढताना पायांतून खटखट वर यायची
आणि दारात थांबायची नाही.

पहिले तीन आठवडे बासरी दिसलीच नाही.
हातात सोड्याची रिकामी बाटली.
"भरू नको बे. कडेवर वारा मोड.
अर्धा आत, अर्धा बाहेर.
आणि शेंगाचटणी खाऊन येत जाऊ नको."

सव्वीस वर्षं मुंबईत, ऑर्केस्ट्रात,
काळा कोट, चांदीची आडवी बासरी,
दुसरी खुर्ची.
पहिल्या खुर्चीवर चार जण येऊन गेले.
"तो वर चढतो, आपण त्याला खाली जमीन द्यायची,"
असं सांगायचे. मग जरा थांबून,
"पगार मात्र जमिनीचा नव्हता."

आम्हाला वाटायचं, सर आयुष्यभर वाजवत होते.
सर म्हणाले, आयुष्यभर मोजत होतो.
एका कागदावर एकशे अठरा बार नुसते गप्प,
मग तीन सूर, मग पुन्हा चाळीस गप्प.
समोर सत्तर माणसं वाजवतायत,
आणि आपण मांडीवर बोट दाबून
ओकटी, रेंडू, मूडू.
मोजणं तेलुगूतच.
अम्मा विड्यांचे कट्टे तसेच मोजायची,
मध्ये कुणी हाक मारली
तर मान न उचलता 'हूं' म्हणायची
आणि आकडा सांडू द्यायची नाही.

मे महिन्यात चव्वेचाळीसला पारा गेला
की चांदी तापते, सूर वर सरकतो.
सर नळी जरा बाहेर ओढायला लावायचे.
"माग मात्र उन्हाळा-हिवाळा तिथंच.
पण ऐक, थोडा खालीच घुमतो बे."
कारखानदार शेट्टींना एकदा हे सांगितलंही.
त्यांनी मेकॅनिक पाठवला.

मग समोरचे दोन दात गेले.
कवळी बसवली, जेवण जमलं,
सूर जमला नाही.
त्या महिन्यात ते आम्हाला फार ओरडले.
नंतर बासरी फडक्यात गुंडाळून
कपाटात, पंचांगाच्या खाली.
शिकवणं चालू : तळहातानं उंची दाखवायचे,
भुवईनं श्वास.

मी चार परीक्षा दिल्या.
आता अक्कलकोट रोडला टॉवेलच्या गोदामात
डझन मोजतो. कुणी हाक मारली
तर मान न उचलता 'हूं' म्हणतो.

रविवारी जातो अजून. कोपऱ्यात बसतो.
गेल्या वेळी दासरींची धाकटी, नऊ वर्षांची,
उसनी बासरी खांद्यापलीकडे गेलेली,
बारा बार थांबून शिरायचं होतं तिला.
पाचव्या बाराला लाईट गेली.
आठही माग एकदम थांबले.
एवढी शांतता त्या खोलीला माहीत नव्हती,
भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा कसंसंच झालं.
मला वाटलं, आता. आत्ता वाजव, पोरी,
सगळी पेठ ऐकेल.
सरांनी एक बोट वर धरलं.
ती मोजत राहिली, ओठ हलत होते.
नऊ. दहा.
अकराव्याला लाईट आली, माग सुटले,
आणि बाराव्यानंतर ती शिरली
त्या खटखटाटात.
मला काहीच ऐकू आलं नाही.

सर तिच्या बोटांकडे बघत होते.
"उशीर," म्हणाले. "केसभर.
पुन्हा."